चालू ठेवलेला फोन

वाशीम जिल्ह्यात माझ्या साडूंइतका भित्रा माणूस दुसरा नसेल, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी धंदा धरला तो कूलिंगच्या दुरुस्तीचा, म्हणजे करंट आणि दाबलेल्या गॅसशी रोजची गाठ. जऊळक्याहून मालेगावला माझ्या कोल्डरूमवर ते मोटारसायकलने येतात, पण उतार आला की गाडी बंद करून, हातात धरून चालतात. मेन स्विच पाडल्यावर टेस्टर लावतात. मग टेस्टरच मेला नसेल कशावरून, म्हणून शेजारच्या चालू बोर्डावर त्याची परीक्षा घेतात आणि पुन्हा पहिल्या जागी येतात. शिवाय या सगळ्याआधी बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, फोन लावून तो खिशात चालूच ठेवायचे. "बोलू नोको, फक्त आयकत राय. धप्पकन आवाज आला तं भाऊले फोन लाव." हा भाऊ म्हणजे मी, त्यांच्या शेजारीच उभा असे. ती बिचारी तिकडे भाकऱ्या थापत नवऱ्याचं काम ऐकत बसायची.

गेल्या दिवाळीनंतर मेव्हणी वारली.

यंदा मे महिन्यात माझ्या कोल्डरूममध्ये आसपासच्या माळ्यांचा भाजीपाला ठासून भरला होता, आणि आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचा पंखा भर उन्हात जेमतेम फिरू लागला. गारव्यात हळू आणि उन्हात जोरात, एवढंच त्याच्या स्पीड कंट्रोलचं काम. तेच बिघडलं, गॅसचा दाब चढला आणि कॉम्प्रेसर सारखा बंद पडू लागला. लोकांची मेथी-कोथिंबीर माझ्या भरवशावर सडणार, या धास्तीनं मी साडूंना बोलावून घेतलं.

साडू आले. टेस्टरच्या फेऱ्या झाल्या, तरी हात मागेच. "करंट गेला असं वाटते, भाऊ, पण तो कपॅसिटरमंदी दबा धरून बसून राह्यते." मग सवयीनं त्यांनी फोन काढला आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. नाव त्यांचंच.

"तुमी बोलू नका, भाऊ. फक्त चालू ठेवा."

मी चार हातांवर उभा राहून फोन कानाला लावला. त्यांनी कंट्रोल वगळून पंख्याला थेट लाईन जोडली, मला मेन चढवायला लावला आणि स्वतः भिंतीआड गेले. पंखा भणाणत सुटला. म्हणजे मोटर धडधाकट होती. कंट्रोलला दाब कळवणारी बारीक वायर उंदरांनी कुरतडलेली निघाली. ती बदलली आणि भाजी वाचली.

ते निघाले, पण फोन त्यांनी बंद केला नाही, मीही केला नाही. जऊळका येईपर्यंत मी त्यांच्या गाडीचा आवाज ऐकत होतो. उतारावर तो थांबला की मी फोन कानाशी दाबून धरायचो, गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत.