अवनीचा गुडघा

मृणाल सबनीस दिल्लीच्या संघाकडून दहा वर्षं फुटबॉल खेळली, मिडफील्डला. गोल करणाऱ्या मुली वेगळ्या. त्यांच्या पायाशी चेंडू नेऊन ठेवायचा तो हिनं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला भारताचा शर्ट अंगात घालायचा होता, एका सामन्यापुरता का होईना.

एकविसाव्या वर्षी राष्ट्रीय कॅम्पचं बोलावणं आलं आणि जायच्या आठच दिवस आधी उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. चोविसाव्या वर्षी पुन्हा बोलावणं, पुन्हा तोच गुडघा. दुसऱ्या ऑपरेशननंतर तिचे बाबा म्हणाले, “बाळा, आता पुरे. नोएडातली नोकरी चांगली आहे, तिच्यात लक्ष घाल.” तिनं मान डोलावली आणि चालता यायला लागल्यावर ऑफिसच्या बॅगेत बूट भरून पुन्हा ग्राउंडवर गेली.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिसरं बोलावणं आलं. या वेळी एक अट होती: गुडघ्याचा ताजा एमआरआय आणायचा.

मृणाल जिना कठडा धरून, एका बाजूला वळून, एकेक पायरी उतरत असे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलाखाली गुडघ्यावर बर्फ धरून बसत असे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, “चालायला ठीक आहे. खेळायला नाही.”

तिच्याच क्लबात अवनी होती. एकवीस वर्षांची, तीही मिडफील्डलाच. डाव्या पायानं पास द्यायला तिला मृणालनंच शिकवलं होतं. राखीव यादीत पहिलं नाव अवनीचं होतं. मृणाल तपासणीत नापास झाली तर अवनी जाणार, हे दोघींना ठाऊक होतं. तरी मृणालनं विचारलं ते तिलाच.

“माझ्या नावानं तू मशीनमध्ये जाशील?”

अवनीला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती बुटाची नाडी सोडता सोडता थांबली. “ताई, कोणाला कळलं तर?”

“तुझ्यापुढे दहा वर्षं आहेत गं. माझ्यापुढे हा एकच कॅम्प आहे.” मृणालनं खरोखरच हात जोडले.

अवनीनं घाईघाईनं ते हात धरून खाली केले. “असं नको ना करूस, यार. जाते मी.”

स्कॅन सेंटरमध्ये मृणालच्या ओळखपत्रावरचा फोटो कोणी नीट पाहिला नाही. रिपोर्ट आला: गुडघा निर्दोष. कॅम्पच्या ऑफिसनं शेवटची ओळ वाचली आणि कागद फाइलला लावला.

पहिले तीन दिवस मृणाल अशी खेळली, की प्रशिक्षकांनी तिचं नाव विचारून घेतलं. चौथ्या दिवशी चेंडू घेऊन वळताना पाय जमिनीतच रुतला आणि वरचं शरीर फिरलं. आवाज शेजारच्या मुलीलाही ऐकू गेला.

नवीन स्कॅन समोर धरून कॅम्पच्या डॉक्टरांनी विचारलं, “यात दोन जुन्या ऑपरेशनचे स्क्रू दिसतायत. तुमच्या रिपोर्टमध्ये एकही नाही. मग तो गुडघा कोणाचा?”

मृणालला वेदनेनं घाम फुटला होता, पण तिनं उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. “माहीत नाही. एक रिपोर्ट मिळाला, त्याच्यावर मीच कम्प्युटरवर माझं नाव टाकलं.”

तिच्यावर पाच वर्षांची बंदी आली. अठ्ठाविसाव्या वर्षी पाच वर्षं म्हणजे कायमचीच. पण तिला रात्रंदिवस कुरतडत होतं ते दुसरंच. कॅम्प आधीच सुरू झाला होता, म्हणून तिच्या जागी कोणालाच बोलावलं नाही. जागा रिकामी राहिली.

अवनीनं ग्राउंडवर येणं सोडलं. फोन उचलेना. तिसऱ्या ऑपरेशननंतर कुबडी घेऊन मृणाल तिच्या घरी गेली. दोन रविवार अवनीच्या आईनं दारातूनच सांगितलं, “अवनी झोपलीय.” तिसऱ्या रविवारी अवनी स्वतः खाली आली. सोसायटीच्या बाकावर दोघी बसल्या.

“तू माझं नाव घेतलं नाहीस,” अवनी म्हणाली. “मी थँक्यू म्हणायला पाहिजे ना?”

“नाही.”

“माझा गुडघा पास झाला होता, ताई. मग मी का नाही गेले?”

येताना मृणालनं पुष्कळ काही जुळवून आणलं होतं. “तुझी जागा मी खाल्ली,” एवढंच ती म्हणाली.

अवनी रडली नाही. हाताची नखं बघत राहिली. “आई रोज विचारते, खेळणं का सोडलंस. काय सांगू तिला?”

“सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.”

“ते मी बघेन.” अवनी उठली. “मंगळवारपासून परत जाणार आहे ग्राउंडवर. तू येऊ नकोस.”

“नाही येणार.”

मृणालनं शब्द पाळला. पुढच्या वर्षी अवनीला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आलं. मृणालला ते क्लबातल्या दुसऱ्या मुलीकडून कळलं. तिनं फोन उघडला, अवनीचं नाव शोधलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि न लावताच फोन उलटा ठेवला.