गोठ्यातले जनावर
ओल्या पेंढ्याचा वास आला की कल्याणचे हे घर पहिल्यांदा पाहिले तो दिवस आठवतो. गिरगावातल्या खोल्यांचे भाडे झेपेनासे झाले होते, म्हणून मुंबई सोडावी का, हे ठरवायला आम्ही दोघे आगगाडीने आलो होतो. पाणी, शेजार, शाळा, सगळे मी विचारून घेतले. घरमालकीणबाई म्हणाल्या, “गोठ्यात एक जनावर आहे, ते तेवढं राहील. जुनं आहे, कुणाच्या वाटेला जात नाही.” मी खुशीत विचारले, “दूध देतं का?” त्या हसल्या. “देतंय कुठलं, आम्हीच वाटीभर ठेवतो.” भाकड गाय असेल, असे समजून मी मूठभर गवत घेऊन अंधाऱ्या गोठ्यात शिरले. दावे रिकामेच होते. इतक्यात पायाशी पेंढा हलला आणि मनगटाएवढे जाड, थंडगार काहीतरी माझ्या पावलावरून सावकाश सरपटत गेले. कोपऱ्यात जाऊन त्याने फणा काढला. गवत तिथेच टाकून मी पळाले. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “गिरगावच बरं, भागवू कसंतरी.” कसे भागवणार, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. घर घेतले. मुले इथेच वाढली. मी मात्र अजून टाळी वाजवल्याशिवाय गोठ्यात शिरत नाही आणि त्याचे खरे नाव इथे लिहितानाही घेतलेले नाही. नाव घेतले की ते येते म्हणतात.