आधी प्लॅन दाखवा

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी संकेतस्थळांच्या रचनेकडे वळले. दादरच्या एका नाट्यगृहाचे ऑनलाइन तिकीटविक्रीचे संकेतस्थळ हे मी स्वतंत्रपणे घेतलेले पहिले काम. व्यवस्थापकांची अट स्पष्ट होती: नेहमीच्या प्रेक्षकांना कोणाच्याही मदतीविना तिकीट काढता आले, तरच ते सुरू करायचे, नाहीतर तिकीटखिडकी आहेच.

म्हणून एका सकाळी, शिवाजी पार्कची फेरी संपवून आलेले एक निवृत्त जोडपे नाट्यगृहाच्या कचेरीत माझ्या लॅपटॉपसमोर बसले. व्यवस्थापक मागे उभे. चाचणीत मी गप्प राहायचे असते. मला तेच सर्वांत जड जाते.

मांडणी तर्कशुद्ध होती: आधी नाटक, मग तारीख, मग नाव-पत्ता, शेवटी ‘आसननिवड’. काकू पहिल्याच पानावर थांबल्या.

“प्लॅन कुठाय?”

प्लॅन म्हणजे भरलेल्या-रिकाम्या खुर्च्यांचा तक्ता. खिडकीशी वाकून तो पाहिल्याशिवाय इथे कोणी पाकिटाला हात घालत नाही.

“अगं, आधी नाटक तर ठरव,” काका म्हणाले.

“ठरवायचंय काय? पुढे जागा असली तर जाऊ. बाल्कनी असली तर घरी पिठलं-भात.”

त्यांनी ‘आमच्याविषयी’ उघडले, ‘संपर्क’ उघडले आणि चष्मा काढून ठेवला. व्यवस्थापक खाकरले.

मी चहा मागवला. तो येईपर्यंत ‘आसननिवड’ पुसून प्रत्येक नाटकाच्या नावाशेजारी तारीख टाकून त्याखालीच ‘प्लॅन पाहा’ असे ठळक बटण बसवले. आपले गृहीतक डोळ्यांदेखत मोडते तेव्हा मला प्रयोगशाळेतही असाच हुरूप येत असे.

“हा बघा प्लॅन! सी रांग मोकळी!” काकूंनी चष्मा चढवला.

“कडेची मला.”

“घ्या. मध्यंतर व्हायच्या आधीच वड्यासाठी उठता, निदान माझे पाय तुडवणार नाही.”

दोन खुर्च्यांवर टिचक्या पडल्या, नाव-पत्ता झाला. मी तोंड उघडले नव्हते.

“काकू, ही नुसती चाचणी होती,” मी शेवटी म्हणाले. “खरं तिकीट निघालेलं नाही.”

“म्हणजे सी रांग गेली?” काकू उठल्याच. “अहो, सांगा हिला! आपण धरल्यात खुर्च्या!”

व्यवस्थापकांना हसू आवरेना. “रविवारपासून सुरू करून टाका,” ते मला म्हणाले, “आणि यांच्या दोन खुर्च्या आत्ताच राखून ठेवा, नाहीतर या कचेरी सोडायच्या नाहीत.”

काका तोवर दुसऱ्या नाटकाचा प्लॅन उघडून बसले होते.