ताईचा चेहरा, दोनदा

माझे भावजी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत पात्रांचे चेहरे घडवतात. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका गेमसाठी नावाडीण काढली होती. बशीएवढे डोळे, नाकाच्या जागी नुसती एक रेघ. तेव्हा त्यांचं ताईशी नुकतंच लग्न ठरलं होतं, आणि त्या नावाडिणीचं हसू थेट ताईचं होतं. गेम तुफान चालला.

यंदा कंपनीने तोच गेम नव्या रूपात आणायचं ठरवलं. साहेबांचा हुकूम सुटला, ‘आता खरीखुरी बाई हवी. कातडीवरची छिद्रंसुद्धा दिसली पाहिजेत.’ पण मॉडेल बोलवायचं म्हटल्यावर कंपनीने हात आखडता घेतला. मग भावजींनी ताईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसवून ऐंशी फोटो काढले आणि चार महिने राबून एकेक सुरकुती जशीच्या तशी उतरवली.

ट्रेलर आला आणि चाहते तुटून पडले. ‘आमच्या नावाडिणीची पार म्हातारी केली!’ ‘हे मढं कोणी बनवलं?’ ‘जुन्या चित्रकाराला परत आणा!’

जुना चित्रकार माझ्या शेजारी चहा गार करत बसला होता. माझं डोकंच फिरलं. ‘भावजी, या टोळभैरवांना एकदा सांगा तरी, हा चेहरा कोणाचा आहे ते!’

ताईने भावजींच्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला आणि सगळं सावकाश वाचलं.

‘बरोबरच बोलतायत पोरं,’ ती त्यांना म्हणाली. ‘पहिली काढलीस तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. या वेळी नुसत्या फोटोंकडे.’