न मागितलेली यादी

काठी गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातल्या एका गावात मला मास्तरकी मिळाली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आमचं घर खाली तापीकाठचं, काळ्या जमिनीतलं. सरकारी नोकरी लागलेला घरातला मी पहिलाच. निघताना आईने बजावलं होतं, "साहेबना शबद खाले पडू देऊ नको, भाऊ." तो उपदेश मी जरा जास्तच मनावर घेतला.

दिवाळीनंतर जंगलाचे साहेब फिरतीवर येत. त्यांचा तंबू, पेट्या, खाट, सगळं सामान गावच्या लोकांनी एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला फुकट वाहून न्यायचं. याला वेठ म्हणत. माझ्याआधीच्या मास्तरांनी मला याची कल्पना दिली होती. गावच्या पाटलाला लिहिता येत नव्हतं. साहेबांची अडचण नको म्हणून मी स्वतःहूनच घरोघर हिंडलो आणि सुबक अक्षरात यादी केली. तंबू कोण उचलणार, घोड्यांना गवत कोण आणणार, कोंबड्या कुठल्या घरातून येणार. साहेब आले, मी कागद पुढे केला. ते म्हणाले, "वा मास्तर! हे तर मी मागितलंही नव्हतं." खोटं कशाला सांगू, दिवसभर मी त्या शब्दांवर तरंगत होतो.

यादीतल्या एका माणसाची बायको चार दिवसांची बाळंतीण होती. त्याने हात जोडून मला तसं सांगितलंही होतं. मी म्हणालो होतो, "आता नाव लिहून झालं." तो पेटी घेऊन पार तळोद्यापर्यंत गेला. सहा दिवसांनी परतला, तोवर रानडुकरांनी त्याची उभी ज्वारी लोळवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आणखी पाच मुलं गळाली. आठवडा संपेपर्यंत शाळेच्या कुडाच्या खोलीत मी एकटा, आणि भिंतीवर इंग्लंडच्या बादशहाचं चित्र. लोक रस्त्यात भेटले की बाजूला होत, साहेबासाठी व्हायचे तसे.

शेवटी मी गावच्या सुईणीकडे गेलो. सगळं गाव तिला याहा म्हणजे आई म्हणे. सकाळच्या उन्हात ती अंगणात भादलीचं धान्य पाखडत होती. त्यांच्या बोलीत अहोजाहो नाही. ती मला तूच म्हणे, आणि देवालाही. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगतो.

"याहा, मुलं का येत नाहीत?"

"तू काय शिकवतोस त्यांना?"

"वाचन, गणित, इतिहास."

"इतिहास म्हणजे?"

"मागे काय काय झालं ते. राजे, लढाया."

तिने सूप खाली ठेवलं. "मग बस. मागे काय झालं ते मीच सांगते."

तिच्या लहानपणी खालून संस्थानचा एक कारभारी येई. त्यालाही वेठीला माणसं लागत. पहिल्यांदा गावातल्या तरण्यांनी धनुष्यं उचलली. कारभाऱ्याजवळ बंदुका होत्या. अर्धं गाव जळालं आणि धरून नेलेल्यांपैकी दोघेच परत आले. त्यानंतर वर्षानुवर्षं कोणी मान वर केली नाही.

"पण त्या कारभाऱ्याला आमची नावं कुठे ठाऊक होती?" ती म्हणाली. "कोणाचं घर कुठलं, कोण अंगाने धड, कोण एकटा पडलेला, हे त्याला आमच्यातलाच एक जण सांगायचा. कारभाऱ्याने विचारायच्या आधीच सांगायचा. तो माझा बाप."

मला माझी सुबक अक्षरातली यादी आठवली.

"मग एका वर्षी बापाने तोंड उघडलं नाही. त्याला झाडाला बांधून फटके मारले. आदल्या दिवसापर्यंत त्याच्यावर थुंकणारी माणसं हे बघत होती. त्यांच्यातली एक बाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दुसरी. होता होता सगळे. सगळ्यांना बांधायला दोर पुरणार होता का? कारभारी तसाच परत गेला. एकेकाला वेगळं काढता आलं की त्याचं राज्य. नाही आलं, तर तो नुसता घोड्यावर बसलेला माणूस."

"आणि तुझ्या बापाला गावाने..."

"पाय धुऊन पंगतीत घेतलं," ती म्हणाली आणि सूप उचललं. "तुझ्या पुस्तकात आहे का हे?"

पुस्तकात नव्हतं. त्या दुपारी मी बाळंतिणीच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणालो, "चूक माझी होती. पुन्हा यादी करणार नाही." तिचा नवरा ऐकून घेऊन पुन्हा कामाला लागला. पण सोमवारी त्याची मुलगी पाटी घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली.

माघात साहेब पुन्हा आले. गावाने आपसात काय ठरवलं ते मला माहीत नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतं ठरवलं होतं. साहेबांच्या पट्टेवाल्याने हात पुढे केला, "मास्तर, यादी."

"केली नाही."

घोड्यावरून साहेबांनी विचारलं, "का?"

मी म्हणालो, "मला तसा लेखी हुकूम नाही, साहेब. असला तर द्या, मी गावाला वाचून दाखवतो."

हुकूम नव्हताच. कधीच नव्हता. साहेबांनी छडी समोरच्या एका तरुणाकडे रोखली, "तू ये पुढे." तो पुढे आला. त्याच्याबरोबर त्याची बायको आली, म्हातारे आले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया आल्या, पाटीवरचं पुसायचं सोडून माझा सगळा वर्ग आला.

"बाकीचे मागे व्हा!"

"एकाला नेलंस की त्याचं शेत डुकरं खातात," याहा म्हणाली. "न्यायचं तर आम्हा सगळ्यांना ने. लेकरांना पाजायला मध्येमध्ये थांबावं लागेल एवढंच." आणि ती तंबूच्या गाठोड्यावर शांतपणे टेकली. साहेबाला 'तू' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

साहेबांनी छडी उचलली. कोणी पळालं नाही, कोणी दगडही उचलला नाही. छडी हवेतच राहिली. पट्टेवाला खाली बघत होता. तोही कुठल्या तरी गावचाच होता. दुपारपर्यंत साहेब वाट बघत बसले, शेजारच्या गावातून माणसं आणायला शिपाई पाठवला. तो एकटाच परत आला. शेवटी पट्टेवाल्यांनी पेट्या घोड्यांवर लादल्या आणि साहेब बरोबरीने पायी घाट उतरले.

महिन्याभरात माझी बदली नवापूरकडे झाली. हुकुमात कारण दिलेलं नव्हतं. निघालो त्या दिवशी गावच्या लोकांनी माझी ट्रंक उचलली. मी अडवलं तर बाळंतिणीचा नवरा म्हणाला, "ही वेठ नाही, मास्तर. ही आम्ही आमच्या मनाने उचलली."

वेठ त्या एका दिवसात संपली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, दोन माणसांना मारहाणही झाली. पण तीन वर्षांनी हिवतापाने आजारी पडून मी चिंचपाड्याच्या दवाखान्यात होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा डोंगरातला माणूस मला त्याच्या गावची गोष्ट सांगू लागला. तिथेही आता साहेबाला नावं कोणी सांगत नव्हतं. ही युक्ती कुठून आली, असं मी विचारलं. "वरच्या गावात एक म्हातारी आहे म्हणे," तो म्हणाला, "तिचा इतिहास आहे." इतिहास हा शब्द त्याने अगदी शुद्ध उच्चारला. तो त्यांच्या बोलीतला नव्हता.

मी पुढे सव्वीस वर्षं शिकवलं. दर जूनमध्ये पुस्तक उघडायच्या आधी मुलांना सांगायचो: घरी जा, आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की भीती वाटत असताना तुम्ही कधी 'नाही' म्हणालात का. पहिल्याच वर्षी एक मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, "गुरुजी, आजीने तुम्हाला बोलावलंय. म्हणाली, बसून ऐकायचं असेल तर ये. एका दिवसात संपायचं नाही."