नानांचा तळहात

माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मधोमध एका तळहाताचा डाग कायम असायचा. सकाळी आल्या आल्या मी तो पुसायची आणि दुपारपर्यंत तो पुन्हा उमटलेला असायचा. नाना डबा खाऊन यायचे, माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि स्क्रीनवरच्या रंगीत चित्रावर सरळ पंजा ठेवायचे. लाल, पिवळं, हिरवं, निळं सगळं झाकलं गेलं की मग विचारायचे, "आधी पकडलंय कुठं ते सांग." त्या पंजाला शेंगदाण्याच्या चटणीचं तेल हमखास लागलेलं असे. मी चिडायची, पण तोंडावर बोलायची नाही.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या शेडवर लोखंडी जिना चढून गेलं की आमचं डिझाईन ऑफिस लागायचं. खाली प्रेस मशीन धडधडायची आणि वर आमच्या टेबलांवरचे चहाचे कप थरथरायचे. एखादा भाग बनवायच्या आधी त्याचं चित्र कॉम्प्युटरवर उभं करायचं, त्यावर जोर लावायचा आणि ताण कुठं येतो ते पाहायचं, म्हणजे सिम्युलेशन, हे माझं काम. सॉफ्टवेअर त्या ताणाचे रंग करून दाखवतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे इथं तुटायची भीती. गिऱ्हाइकांना ही चित्रं फार आवडतात, कारण ती टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशासारखी दिसतात आणि आपल्यालाही काहीतरी कळलं असं वाटतं.

नाना या विभागाचे प्रमुख होते आणि त्यांचा या चित्रांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणायचे, "रंगाचं काय, तू सांगशील तसं रंगवतंय ते. खरं-खोटं पकडीत हाय." पकड म्हणजे तो भाग प्रत्यक्षात कशाला बांधलेला आहे, कुठल्या बोल्टवर, कुठल्या वेल्डवर उभा आहे. तेच कॉम्प्युटरला चुकीचं सांगितलं तर पुढचं सगळं गणित अगदी बरोबर होऊन उत्तर मात्र खोटं येतं. भागावर बारीक चौकटींची जाळी टाकावी लागते, तिला ते मच्छरदानी म्हणायचे. बोल्टच्या भोकापाशी मी जाळी मोठी ठेवलेली दिसली की म्हणायचे, "पोरी, डास जिथं चावनार तिथंच तू मच्छरदानी फाडून ठिवलीस."

नवी होते तेव्हाची गोष्ट. मी एका पंख्याच्या ब्रॅकेटचा सुंदर रिपोर्ट केला होता, सगळीकडे निळंशार. नानांनी पंजा ठेवला आणि पकड विचारली. मी सांगितलं, मागची सगळी बाजू भिंतीला पकडली आहे. त्यांनी माझ्या टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलली, तिचं अर्धं अंग टेबलावर तळहातानं दाबून धरलं आणि मला बाहेरचं टोक वाकवायला लावलं. ते जेमतेम हललं. मग त्यांनी तळहात उचलला, एका बोटानं तेवढीच पट्टी दाबली आणि पुन्हा वाकवायला सांगितलं. पट्टी उडून माझ्या कपाळाला लागली. तीच पट्टी, तोच जोर, फक्त पकड बदलली, इतकंच ते म्हणाले आणि पट्टी जागेवर ठेवून निघून गेले. ब्रॅकेट भिंतीला दोन बोल्टांवर बसणार होतं. कॉलेजात चार वर्षांत जे शिकले नव्हते ते मला त्या टेंगळानं शिकवलं.

माणूस एवढा जीव लावणारा होता, म्हणूनच आज इतकी चीड येते. मिरजगावात हायवेवर माझ्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करतात. मुलीनं नगरात खोली घेऊन एकटीनं राहायचं आणि कारखान्यात नोकरी करायची, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. ते ऑफिस बघायला आले तेव्हा नानांनी त्यांना खाली शेडमध्ये नेलं, वेल्ड दाखवले, दोघांनी एका गेटच्या बिजागरीवर मनसोक्त वाद घातला आणि जाताना नाना म्हणाले, "शेखभाई, काळजी करू नका. मी हाय ना." त्या तीन शब्दांवर मला नगरात राहायची परवानगी मिळाली. पुढे ईदला नाना आमच्याकडे यायचे, दोन वाट्या शीरखुर्मा खायचे आणि अम्मीला तिसरी वाटी डब्यात भरायला लावायचे.

पकड विचारण्याखेरीज 'मी हाय ना' हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. रजा हवी असली, मालकांनी ओरडायचं ठरवलं असलं, रिपोर्टला उशीर झाला असला की नानांनी हे म्हणायचं आणि आम्ही निर्धास्त व्हायचं. त्यांच्या बोलण्याची आणखी एक गंमत होती. ते कोपरगावकडचे, उसाच्या घरातले. आमच्याशी त्यांची घरची बोली असायची, पण गिऱ्हाइकासमोर बसले की एकदम पुस्तकी मराठी सुरू व्हायची, 'आपण', 'अर्थातच', 'या संदर्भात' वगैरे. आम्ही मागे नक्कल करायचो. नाना शुद्ध बोलायला लागले की काहीतरी विकायचं चाललंय असं समजायचं, हा आमच्या ऑफिसातला विनोद होता.

त्या वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्या बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम आलं. ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडतात, त्यातल्या पहिल्या ट्रॉलीच्या पाठीला दुसरी ओढणारा हूक असतो. तो हूक एका जाड प्लेटवर आणि ती प्लेट चार बोल्टांवर. मी नानांनी शिकवल्याप्रमाणे चार बोल्टांवर पकडलं, मच्छरदाणी बारीक केली आणि जोर लावला. वरच्या दोन बोल्टांपाशी प्लेट लालभडक झाली. मी खूश झाले, कारण तुटायचं ते कॉम्प्युटरमध्येच तुटलं होतं. प्लेट जाड करायला हवी, किंवा मागून आधाराची पट्टी द्यायला हवी, असं लिहून मी नानांना दाखवायला बोलावलं.

नाना आले, पण त्या दिवशी पंजा ठेवला नाही. गिऱ्हाइकानं प्लेटा आधीच कापून घेतल्या होत्या आणि मालक दोनदा जिना चढून विचारून गेले होते. नानांनी मला उठवलं, माझ्या खुर्चीत बसले, स्वतःच्या हातानं माउस फिरवला. चार बोल्टांची पकड काढून टाकली आणि प्लेटची मागची सगळी बाजू पकडली. लाल होतं ते निळं झालं. मी म्हणाले, नाना, हे तर चार बोल्टांवर आहे, सगळी पाठ कुठं चिकटलेली आहे? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "एवढा हंगाम निघून जाऊ दे. पुढच्या खेपंला जाड करू. मी हाय ना." मग उठून गेले. रिपोर्टवर करणारी म्हणून माझं नाव, तपासणारे म्हणून त्यांचं. संध्याकाळी निघताना माझ्या लक्षात आलं की स्क्रीन पहिल्यांदाच दिवसभर स्वच्छ राहिली होती.

हंगाम ऐन भरात असताना साखर कारखान्याच्या रस्त्यावर एका चढाला वरच्या बोल्टांपाशी ती प्लेट फाटली. मागची भरलेली ट्रॉली सुटली आणि उतारानं मागे आली. मागून मोटरसायकलवर येणारा एक माणूस तिच्याखाली आला असता, पण त्यानं गाडी सोडून उडी मारली. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. ही बातमी ऑफिसात आली तेव्हा मला आधी त्या माणसाचं वाईट वाटलं आणि लगेच नानांचं. या वयात त्यांना केवढं ऐकून घ्यावं लागेल, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. आता आठवलं की स्वतःची कीव येते.

गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बैठक झाली. आमचे मालक, गिऱ्हाईक, नाना आणि मी, टेबलावर फाटलेली प्लेट. गिऱ्हाइकानं विचारलं, ही पाठ सगळी पकडलेली दाखवायचं कुणी ठरवलं? मी नानांकडे पाहिलं, कारण आता ते तीन शब्द येणार अशी माझी खात्री होती. नानांनी चष्मा सारखा केला आणि शुद्ध मराठीत बोलायला सुरुवात केली. "या संदर्भात मला एवढंच सांगायचं आहे की सिम्युलेशन यांनी केलं. मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी. मी रंग पाहिले, सगळं निळं होतं, म्हणून सही केली."

मी रंग पाहिले! ज्या माणसानं उभ्या जन्मात रंग पाहिले नाहीत, ज्याच्या पंजाचे डाग मी रोज पुसले, तो माणूस. दुसरं काहीही म्हणाले असते तरी एक वेळ मी गिळलं असतं. घाईत नजर चुकली म्हणाले असते, मालकांनी दबाव आणला म्हणाले असते. पण त्यांनी लपायला जागा निवडली ती नेमकी त्याच रंगांच्या मागे, ज्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस असं त्यांनी मला शिकवलं होतं.

"नाना, तुम्ही रंग पाहिले?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्या खोलीत या प्रश्नाचा अर्थ फक्त दोघांना कळत होता. गिऱ्हाइकाला वाटलं, मी उद्धटपणा करते आहे. मग मी सगळं सांगितलं, माउस कुणाच्या हातात होता तेही सांगितलं, पण कॉम्प्युटर माझा, नाव माझं आणि सांगणारी अनुभव कमी असलेली मुलगी. मालकांनी मला गप्प केलं. परतीच्या गाडीत नाना पुढच्या सीटवर बसले आणि नागापूर येईपर्यंत त्यांची मान वळली नाही.

त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. जिना उतरले तेव्हा नाना खाली शेडमध्येच होते, पाठ करून उभे. अब्बा टेम्पो घेऊन खोलीवरचं सामान न्यायला आले. ते नानांना भेटायला जायला निघाले होते, भांडायला नव्हे, विचारायला. मी जाऊ दिलं नाही. मिरजगावात चार लोकांनी चार गोष्टी जोडल्या. शिकलेल्या पोरीनं कुणाचा तरी पाय मोडला, इथपर्यंत मजल गेली. अब्बा दुकानात मान खाली घालून वेल्डिंग करत राहायचे. 'मी हाय ना' या शब्दांवर त्यांनी मला पाठवलं होतं, त्यामुळे माझ्याइतकेच तेही फसले होते.

लोक मला नानांची बाजू समजावतात. निवृत्ती जवळ आली होती, मालकांनी कोपऱ्यात घेतलं असेल, माणूस घाबरतो. असेल. मी घाबरणं समजू शकते. पण त्यांनी मला स्वतःच्या जागी उभं केलं आणि वर 'मुलगी हुशार आहे' असं कौतुकही केलं, ते कौतुक मला अजून टोचतं. नाना वाईट होते असं म्हणता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. ते चांगले होते, आणि त्यांनी हे केलं.

पुढं एका ओळखीनं दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं, आता बरं चाललं आहे. कुणी रंगीत चित्र आणून दाखवलं की माझा हात आपोआप स्क्रीनवर जातो. एकदा तो मुद्दाम मागे घेऊन पाहिला, तर मला त्या भागाकडे बघताच येईना.

गेल्या महिन्यात सुट्टीला मिरजगावी होते. दुकानात अब्बांना चहा नेऊन दिला आणि फोन वाजला. नंबर मी कधीच पुसून टाकला होता, पण आवाज ओळखला. नानांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. निवृत्त होऊन ते गावी राहत होते. थोरल्या मुलानं ट्रॅक्टर घेतला होता, दोन ट्रॉल्या गावातच बनवून घेत होता. मागच्या हुकाचं ड्रॉइंग त्यांनी मला पाठवलं होतं. म्हणाले, "एकदा बघून सांग. ती ट्रॉली माझं पोरगं चालवनार हाय. खरं सांगनारं दुसरं कुनी न्हाई मला."

घरची बोली होती, म्हणजे खरं बोलत होते. मी विचारलं, "नाना, तेव्हाही माहीत होतं ना, मी खरं सांगते म्हणून?"

ते म्हणाले, "माहीत हुतं पोरी. म्हनून तर तुलाच फोन केला."

मी फोन ठेवला. लॅपटॉप घरात होता, जाऊन बसले. मला ते करायचं नव्हतं, पण त्या ट्रॉलीच्या मागूनही कुणीतरी मोटरसायकलवर येणारच होतं. चार बोल्टांवर पकडलं, भोकांपाशी मच्छरदाणी बारीक केली, जोर लावला. चित्र आलं तसा त्यावर तळहात ठेवला आणि पकड पुन्हा एकदा तपासली. हात काढला तर वरच्या दोन बोल्टांपाशी लाल. प्लेट जाड करा, मागून पट्टी द्या, नाहीतर इथून फाटेल, असं लिहून पाठवलं. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही.

संध्याकाळी अब्बांनी दुकान बंद करताना विचारलं, कुणाचा फोन होता. मी सांगितलं, नानांचा. ते शटर अर्ध्यावर धरून थांबले. इतक्या दिवसांत त्यांनी ते नाव काढलं नव्हतं. हळूच विचारलं, माफी मागितली का?

"नाही," मी म्हणाले. "काम दिलं."