प्रेसवरची झेंडूची माळ

आमच्या प्रेसचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून सुशीलाबाईंना. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं यंत्र. तिच्या तोंडाशी प्रकाशाचा अदृश्य पडदा आहे. त्यात काहीही शिरलं की प्रेस थांबणार, असं त्याने मला सांगितलं आणि मी ती चालवणाऱ्या सुशीलाबाईंना.

खंडेनवमीला बाईंनी यंत्राला झेंडूची माळ घातली. दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तर माळेचं टोक झुलत पडद्यातून आतबाहेर करत होतं आणि प्रेस चालूच. एक फूल चपटं होऊन बाहेर पडलं.

बाईंनी ते उचलून माझ्यापुढे धरलं. "शेठ, हे माझं बोट असतं तर?"

मी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला फोन लावला.

"काका, प्रेस सारखी थांबते अशी तक्रार यायची. म्हणून क्षणभराचा अडथळा सोडून द्यायला लावलंय तिला."

"हातसुद्धा क्षणभरच आत जातो," मी म्हटलं.

ओतीव लोखंडात तडा असला की हातोडीच्या टकटकीला बद्द आवाज येतो. तेवढ्यावर मी कितीतरी नग परत पाठवलेत. सॉफ्टवेअरमधल्या या लिहिलेल्या हुकमांवर माझ्यासारख्याने कुठे टकटक करायची? तिथे लिहिणाऱ्याचा शब्द हाच भरवसा. त्याच्याशी घासाघीस मी दरावर केली होती, बाईंच्या बोटांवर नाही.

प्रेस आता बंद आहे. फूल माझ्या टेबलावर आहे. तो क्षण सोडून द्यायचं ज्याने ठरवलं, त्याने इथे यावं, आणि ठरवताना बाईंचा हात आठवला होता का, ते त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं.